फ्रिजवरची सूचना

आमच्या घरात दसऱ्याला आभार मानावे लागतात. ‘लागतात’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे. ज्याला मानायचे नसतील त्याला जेवायला वाढत नाहीत.

ही पद्धत माझ्या सासऱ्यांची. ते मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी शाळा सुटल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नाही. दसऱ्याला सकाळी बाहेरच्या खोलीत पाट मांडायचा, पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची आणि आपलं काम ज्याच्यावर चालतं ती वस्तू ज्यानं त्यानं पाटावर आणून ठेवायची. इथपर्यंत सगळ्या पेठांत चालतं. पुढचं फक्त आमच्याकडे. पूजा झाली की धाकट्यापासून सुरुवात करून प्रत्येकानं उभं राहायचं आणि वर्षभरात कोणाचे आभार मानायचे राहिलेत ते सांगायचं. मोठ्यानं, पूर्ण वाक्यात, कारणासह. हे सासऱ्यांचे शब्द. सगळ्यांचं सांगून झालं की मग पानं.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि ती बोलताना अडखळते.

आता तुम्हाला कळलं असेल मी कशाबद्दल चिडले आहे. सगळं नाही कळलं, पण अर्धं तरी कळलं.

ती तिसरीत असताना तिच्या बाईंना वाटलं की पोरीला सराव कमी पडतो. मग रोज सकाळी पहिल्या तासाला तिला उभं करून एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावायचा, असा उपाय त्यांनी काढला. चाळीस मुलं, एक परिच्छेद आणि पहिल्याच शब्दावर अडकलेली माझी मुलगी. मुलं हसायची. बाई मुलांना गप्प करायच्या आणि हिला म्हणायच्या, “घाबरायचं नाही, म्हण पुढे.” पुढे म्हणता येत असतं तर ती म्हणाली नसती का? आधी तिचं पोट दुखायला लागलं. मग डबा तसाच परत यायला लागला. मग एक दिवस ती ओला युनिफॉर्म घालून घरी आली, कारण ‘बाथरूमला जाऊ का’ हे तीन शब्द तिच्या तोंडून निघेपर्यंत उशीर झाला होता. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मोठ्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आम्ही तिच्याकडे खास लक्ष देतोय.” मी म्हटलं, “तेच बंद करा.” त्यानंतर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण शिपाई दारात येऊन उभा राहिला होता एवढं आठवतं.

मी नोकरी सोडली. बारा वर्षं मी एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम केलं होतं. लोक फोनवर ओरडायचे, आणि त्यांचं पूर्ण होईपर्यंत मध्ये न बोलण्याचा मला पगार मिळायचा. ते काम सोडून मी मुलीला घरी शिकवायला लागले, आणि सगळ्या सदाशिव पेठेला आमच्या घराची काळजी वाटायला लागली. “शाळा नाही? मग ती दिवसभर करते काय?” जिन्यात भेटलेल्या माणसालाही हा प्रश्न विचारायचा हक्क असतो, हे मला तेव्हा कळलं. “मैत्रिणी कुठून मिळणार?” “पुढे कसं होणार?” वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर “माणसात राहायची सवय कशी लागणार हो?” असं विचारलं. त्या स्वतः गेली चार वर्षं पाण्याच्या टाकीवरून कोणाशी बोलत नाहीत.

ती दिवसभर काय करते ते मी सांगते. ती सकाळी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात असते. अपूर्णांक ती भाजणीच्या मापांवर शिकली. दही का लागतं, कणीक का फुगते, कैरीचं लोणचं टिकतं आणि काकडीचं का टिकत नाही, हे तिनं वहीत लिहून ठेवलं आहे, आणि ते वाचून मलाही दोन गोष्टी नव्यानं कळल्या. गणपती गेल्यावर ऊन तापायला लागलं की आम्ही गॅलरीत डाळी वाळत घालतो. कबुतरं हाकलत हाकलत ती नकाशे काढते. दुपारी वाचन. तिच्या जिभेला चव आहे, नाकाला तर भलतीच आहे. आमटीत काय कमी आहे हे ती झाकण उघडायच्या आधी सांगते. सांगते म्हणजे बोट दाखवते. मला कळतं. आम्ही मंडईत जातो तेव्हा भाजीवाल्या मावशी मुद्दाम तिलाच विचारतात, “काय देऊ गं बाळे?” तिचं तोंड उघडतं, ओठ तसेच राहतात, मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. मी लगेच सांगते, अर्धा किलो घेवडा, पाव किलो गवार. मी असताना तिला कोणापुढे अडून राहावं लागत नाही. याचा मला अभिमान होता.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे आम्ही दर शनिवारी जातो. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “तिचं वाक्य कोणी पूर्ण करू नका. कितीही वेळ लागू दे.” मला एकदम पटलं. पटलं म्हणजे काय, कोण कोण तिची वाक्यं पूर्ण करतं त्याची यादीच माझ्या डोळ्यांपुढे आली. माझी धाकटी नणंद पहिली. ती दर रविवारी येते आणि मुलीनं ‘आ’ म्हटलं की ‘आत्या, आईस्क्रीम, आंबा?’ अशी प्रश्नमंजुषा चालू करते. मग माझा नवरा. त्याला ऑफिसात सगळं लवकर संपवायची सवय आहे. मग शेजारी, मग वॉचमन. त्या संध्याकाळी मी घरी आले, कोरा कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरात सूचना लिहिली. पुणेरी पाट्या रक्तात आहेतच.

सूचना
ती बोलत असताना मध्ये बोलू नये.
तिचे वाक्य तीच पूर्ण करील.
मदत करण्याची तसदी घेऊ नये.
– हुकमावरून

ती मी फ्रिजवर लावली, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पाणी प्यायला फ्रिजपाशी जातो. नणंदेला तर मी ती वाचून दाखवली. ती हसली, पण त्यानंतर तिनं प्रश्नमंजुषा बंद केली. नवरासुद्धा बराच सुधारला. मुलीनं ती सूचना पहिल्यांदा वाचली तेव्हा ती बराच वेळ फ्रिजसमोर उभी होती. मला वाटलं, तिला आवडली.

एकच माणूस होता ज्याच्यासाठी सूचनेचा उपयोग झाला नाही. सासरे. ते तिचं वाक्य पूर्ण करत नसत, ते तिला बोलायलाच लावत. ऑगस्टमध्ये त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचू नका म्हणून सांगितलं, तर यांनी चहाच्या वेळी नातीला बोलावलं आणि म्हणाले, “पेपर वाचून दाखव. निधनवार्तांपासून.” मी स्वयंपाकघरात होते. एका निधनवार्तेला दहा मिनिटं लागली. ‘त्यांच्या पश्चात दोन मुलगे’ इथपर्यंत येता येता माझा चहा उतू गेला. मी बाहेर गेले, तिच्या हातातला पेपर घेतला आणि एका दमात उरलेले सगळे मृत वाचून टाकले.

“मला घाई नव्हती,” सासरे म्हणाले.

“तिला त्रास होतो, बाबा. शाळेत हेच झालं. याच्यासाठीच तिला काढलं.”

“तिनं सांगितलं, त्रास होतो म्हणून?”

“सांगायला कशाला हवं? मला दिसतंय.”

 दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले असताना पेपरवाचन झालं. तिसऱ्या दिवशी मी दळण आणायला गेले तेव्हा झालं. हे मला कळत होतं आणि मला संताप येत होता. शाळेच्या बाहेर ओढून आणलेली माझी पोर, आणि घरातच एक मुख्याध्यापक बसलाय! डोळा बरा झाल्यावरही त्यांचा पेपर तीच वाचत राहिली. वर हे गृहस्थ जेवताना म्हणणार, “घरात शिकून मुलं मऊ होतात. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होतं. एखाद्या बऱ्या शाळेत चौकशी करायला हरकत नाही.” मी आमटीचा डाव जरा जोरात ठेवला. त्यांनी आमटीची स्तुती केली. हा माणूस मला कधी वेडी करेल सांगता येत नाही.

नवरात्र लागलं. आमच्या सोसायटीत त्या दिवसांत भोंडला असतो. खाली पार्किंगमध्ये पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी ज्यांच्याकडची खिरापत असेल त्यांनी झाकलेला डबा मध्ये आणायचा. आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत डबा उघडत नाहीत. गाणी म्हणताना माझी मुलगी अडखळत नाही. एकदाही नाही. सगळ्यांच्या सुरात तिचा आवाज सरळ वाहत जातो. वरच्या काकू तेव्हा माझ्याकडे अशा बघतात, जणू मी आजवर उगाच कांगावा करत होते.

त्या दिवशी गाणी संपली आणि डबा आला. “गोड की तिखट?” “तिखट!” “तळलेलं?” “नाही!” मुलींचा नुसता कालवा. कोणी उपमा म्हणालं, कोणी ढोकळा, कोणी साबुदाण्याची खिचडी. माझी मुलगी डब्यापासून चार हात लांब होती. तिनं एकदा श्वास आत घेतला आणि तिचा चेहरा बदलला. ओल्या नारळाचा आणि हिरव्या मिरचीचा वास तिला लागला होता. तिनं हात वर केला. डबा धरलेल्या बाईंनी तो हात पाहिला आणि म्हणाल्या, “हं, सांग.”

“द,” ती म्हणाली. “द... द...”

मुली थांबल्या. खरं सांगायचं तर त्या थांबल्या होत्या, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा मला फक्त तिचा ताणलेला गळा दिसत होता, आणि एक मुलगी दुसरीला कोपरानं ढोसताना दिसली. मी मागे बायकांत उभी होते. मी ओरडले, “दडपे पोहे! दडपे पोहे म्हणतेय ती!”

बरोबर होतं. झाकण उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. तिच्यासाठी द्रोण भरून घेतला, तर ती तिथे नव्हती. जिना चढून वर गेली होती. घरी तिनं पोहे खाल्ले नाहीत. मी समजूत काढली, की त्या मुलींना काही कळत नाही, एकमेकींना ढोसत होत्या, लक्ष नाही द्यायचं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या मुलीच्या आईला मी दुसऱ्याच दिवशी लिफ्टपाशी गाठलं आणि तिच्या मुलीला वळण लावायला सांगितलं. ती बाई चार दिवस माझ्याकडे बघत नव्हती.

दसऱ्याला दोन दिवस राहिले तेव्हा मी विषय काढला. चहाच्या वेळी, सरळ.

“बाबा, यंदा ती उभी राहणार नाही.”

“मागच्या वर्षी राहिली होती.”

“मागच्या वर्षी तिच्या वतीनं मी बोलले होते.”

“हो. तू दोनदा उभी राहिलीस. मोजलं होतं मी.”

“हे आभार आहेत का परीक्षा? ज्या गोष्टीसाठी मी नोकरी सोडली, तीच गोष्ट तुम्ही पाटावर हळदकुंकू वाहून करणार असाल तर मला चालणार नाही. उभं राहा, मोठ्यानं बोला, पूर्ण वाक्यात! आभार मनात मानता येत नाहीत का?”

“मनात मानले ते कोणाला कळणार?” सासरे म्हणाले, आणि बशीत चहा ओतायला लागले.

माझा नवरा त्याच वेळी आत आला. त्याला ही भांडणं आवडत नाहीत, त्यामुळे तो नेहमी चुकीच्या क्षणी तोंड उघडतो. “अगं, तिला विचारलंस का?” तो म्हणाला.

“तिला काय विचारायचंय? मला माहीत आहे.”

मुलगी तेव्हा गॅलरीच्या दारात होती. तिच्या हातात पेपर होता. तिनं ऐकलं असणार.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं एकटीनं श्रीखंडाची तयारी केली. दही फडक्यात बांधून नळाला टांगलं, सकाळी उठून चक्का मोजला, साखर मोजली, चाळणीवर घासून घासून फेटलं. वेलदोडा किती घालायचा हे तिनं मला विचारलं नाही. नणंद अकरा वाजता आपट्याची पानं घेऊन आली, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा” झालं. मी पुऱ्या तळायला घेतल्या, म्हणजे पूजा होईपर्यंत गरम राहतील. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, वरणभात. झेंडूची माळ नवऱ्यानं वाकडीच बांधली होती, ती तशीच राहिली.

पाटावर वस्तू आल्या. सासऱ्यांनी त्यांचा जुना लाकडी डस्टर ठेवला, जो ते दरवर्षी ठेवतात. नवऱ्याचा लॅपटॉप आला. नणंद फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं एक रबरी पट्टा ठेवला. माझी वेळ आली. लाटणं ठेवायचं नाही, हे मी ठरवलं होतं. मी मुलीची वही ठेवली. भाजणीची मापं, दही, कणीक, लोणचं, सगळं असलेली. हे माझं काम, सगळ्यांनी बघा, असं मला म्हणायचं होतं. सासऱ्यांनी बघावं, असं विशेषकरून म्हणायचं होतं.

मुलगी वहीकडे बघत उभी राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती आत गेली. फ्रिजवरचं लोहचुंबक खाली पडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात सूचना होती. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. तिनं ती डस्टरच्या शेजारी ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

माझे डोळे भरून आले. लपवत नाही, मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, या घरात एका तरी माणसाला माझी किंमत आहे.

पूजा झाली. सासऱ्यांनी घसा खाकरला. “धाकट्यापासून,” ते म्हणाले.

मी उठून उभी राहिले. “बाबा, आपलं यावर बोलणं झालंय.”

“माझं ऐकून झालंय,” ते म्हणाले. “बोलणं झालं नाही.”

“ठीक आहे. मग मीच सांगते. सगळ्यांनी बघितलं तिनं काय ठेवलंय. तिला असं म्हणायचंय, की ही सूचना लावल्यापासून...”

“आ... आई.”

“थांब गं, सांगते मी. लावल्यापासून तिला घरात मोकळं...”

“आई. व... व...” तिचे ओठ अडले. मी नेहमीसारखी पुढे वाकले, तो शब्द पकडायला. तिनं तळहात माझ्याकडे केला. रस्त्यावर पोलीस करतात तसा. “व... वाच.”

मला वाटलं, सगळ्यांना वाचून दाखव असं म्हणतेय. मी मोठ्या दिमाखात कागद उचलला. झेंडूचं फूल खाली पडलं. मी खणखणीत आवाजात वाचलं, “सूचना. ती बोलत असताना मध्ये बोलू नये.”

 नणंद रांगोळीकडे बघत होती. नवरा पंख्याकडे.

“तिचे वाक्य तीच पूर्ण करील,” मी वाचलं, आणि तोपर्यंत मला कळलं होतं. तिसरी ओळ माझ्या तोंडून निघाली ती मलाच नीट ऐकू आली नाही. हुकमावरून हा शब्द मी वाचलाच नाही. हुकूम माझाच होता.

मी खाली बसले. ती उभी राहिली.

ती किती वेळ बोलली मला माहीत नाही. आतल्या पुऱ्या मऊ पडल्या एवढा वेळ. प्रत्येक शब्दाला ती थांबत होती, डोळे मिटत होती, परत सुरुवात करत होती. माझ्या हाताच्या मुठी आवळल्या होत्या. मला प्रत्येक शब्द तिच्या आधी येत होता आणि तो गिळावा लागत होता. शब्द गिळताना घसा दुखतो, हे मला माहीत नव्हतं. ती जे म्हणाली ते मी इथे सलग लिहिते, पण ते तसं सलग आलं नाही.

ती म्हणाली, “मला आजोबांचे आभार मानायचेत. कारण त्यांना घाई नसते.”

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की तो डस्टर उचलून त्यांना फेकून मारावा असं मला मनापासून वाटलं.

पण तिचं संपलं नव्हतं. “आणि मला शाळेत परत जायचं नाही,” ती त्यांच्याकडे वळून म्हणाली. “दिवाळीनंतर पण नाही. मला विचारायचं.”

सासऱ्यांचं समाधान उतरलं. 

मग ती माझ्याकडे वळली. हे वाक्य सगळ्यात जास्त वेळ चाललं, कारण त्याचा पहिलाच शब्द तिला येत नव्हता. ती तीनदा मागे गेली. तिची मान लाल झाली. 

“दडपे पोहे,” ती म्हणाली, “मला म्हणायचं होतं.”

ती खाली बसली. तिनं परकराचा काठ सारखा केला.

मला राग आला. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण अशा वेळी आयांना पश्चात्ताप होतो असं लोक समजतात. मला आधी राग आला. मी नोकरी सोडली, शाळेशी भांडले, जिन्यातल्या प्रत्येक माणसाला उत्तर दिलं, लिफ्टपाशी एका परक्या बाईला सुनावलं, आणि आभार त्या म्हाताऱ्याला! ज्यानं काहीही केलं नाही. बशीतून चहा पीत नुसता बसून राहिला. नुसतं बसून राहणं हेच करायचं होतं, हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा तो राग जाऊन बसायला दुसरी जागाच उरली नाही. तो माझ्याच अंगावर आला. बाई तिला एका तासाला उभं करत होत्या. मी दिवसभर तिला खाली बसवत होते.

“पुढे,” सासरे म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

मुलीनंतर नणंद. तिनं तिच्या एका पेशंटचे आभार मानले, का ते मी ऐकलं नाही. मग वयानं माझी पाळी. मी उभी राहिले. मी बारा वर्षं फोनवर बोललेली बाई, भांडणात मला शब्द कधी कमी पडला नाही. “मला,” मी म्हणाले. “मला...”

पुढचं येईना.  आतून पुऱ्यांचा गार झालेला वास येत होता. नवऱ्यानं पाण्याचा पेला पुढे करायला हात उचलला, तेव्हा मुलीनं त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. त्यानं हात खाली घेतला. सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मुलगी पाटाच्या पलीकडे मांडी घालून बसली होती, हनुवटी हातावर टेकून, माझ्या तोंडाकडे बघत. तिला घाई नव्हती.

कोणीही मदत केली नाही.